खरवडलेला सूर

देवळातली पेटी कुणी घरी न्यायची नाही, असं बोरखेडीच्या पंचांनी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. आमोस मास्तरनं ती नाताळ तोंडावर आलेला असताना बैलगाडीत घालून, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत घरी आणली.

देऊळ म्हणजे गावातल्या ख्रिस्ती मंडळींचं कौलारू प्रार्थनाघर. पाथर्डीच्या त्या भागात ख्रिस्ती माणूसही त्याला देऊळच म्हणतो. आणि पेटी म्हणजे पायानं भाता मारून वाजवायची ती मोठी लाकडी पेटी, जी मिशनचा साहेब देश सोडून जाताना गावाला देऊन गेला होता.

मास्तरची बायको दया तेव्हा ओढ्यातल्या झिऱ्यावर गेली होती. बहात्तरचा दुष्काळ, विहिरींनी तळ दाखवलेला, वाटीवाटीनं पाणी उपसून हंडा भरायचा म्हणजे अर्धा दिवस जायचा. ती हंडा घेऊन परतली तर ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पेटी भिंतीला टेकून उभी, आणि तिच्या पोटातलं सगळं वर्तमानपत्रांवर मांडून ठेवलेलं. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, स्प्रिंगा, कातड्याचे तुकडे, आणि पितळेच्या त्या पातळ जिभा, ज्यांच्यातून वारा गेला की आवाज निघतो. पेटीवाले त्या जिभेलाच सूर म्हणतात. मास्तर मधोमध मांडी घालून बसला होता. त्याच्या तोंडावरचा आनंद बघून दया हंडा डोक्यावर तसाच धरून पायरीवर थांबली.

तो आनंद तिच्या चांगला ओळखीचा होता. लग्नात आलेलं घड्याळ मास्तरनं पहिल्याच वर्षी उघडलं होतं. ते घड्याळ ना मागे पडत होतं ना पुढे जात होतं. आतलं चाक असंच का फिरतं, एवढंच त्याला बघायचं होतं. ते त्यानं बघितलं, आणि मग त्या घरात वेळ शेजाऱ्याला विचारून कळू लागली. गावाची गॅसबत्ती त्यानं अशीच एका लग्नाच्या सकाळी सोलून ठेवली, तेव्हा नवरा-नवरीला कंदिलाच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघावी लागली. तो वेंधळा नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. शाळेत मुलांना जीव लावून शिकवायचा. पण छंद लागलेल्या माणसाला ‘झालं’ हा शब्द ठाऊक नसतो. चांगलं चाललेलं त्याला बघवत नाही. अजून थोडं चांगलं चालेल का, हा किडा त्याला स्वस्थ बसू देत नाही.

पेटीचं मात्र वेगळं होतं, आणि ते दया जाणून होती. त्यांचं मूल, एकुलतं एक, गोवरानं गेलं. त्यानंतर मास्तर बोलेनासा झाला. शाळेत शिकवायचं तेवढं शिकवी, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसे. दयाला वाटलं, मूल गेलं, आता हाही माणूस जातो. मग एका रविवारी भक्ती संपल्यावर तो पेटीपाशी वाकला, कान लावला आणि म्हणाला, ‘हिच्यात कुठंतरी वारा गळतोय.’ कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य. तेव्हापासून पेटीची डागडुजी त्याच्याकडे आली, आणि म्हातारे शमुवेल उपदेशक वारल्यावर पेटी वाजवायचं कामही. तो पेटीत बुडाला आणि दया गाण्यात. दोघांनी एकमेकांना मुलाबद्दल कधी काही विचारलं नाही. रविवारी तो पहिल्या रांगेच्या बाजूला पेटीवर बसे, ती बायकांच्या रांगेत गाई, आणि आठवडा निघून जाई.

म्हणून पेटीचं काही बरंवाईट झालं तर काय, हा विचारही दयाला सोसवत नव्हता. तिनं हंडा उतरवला आणि विचारलं, की नुसता एक सूर बंद करायचा होता ना?

खरं होतं. त्या वर्षीच्या कोरड्या हवेनं पेटीचं लाकूड आखडलं होतं. कुठलीही पट्टी न दाबता, नुसता भाता मारला तरी एक सूर आपला रडत राहायचा. प्रार्थनेत, उपदेशात, केव्हाही. पंचांचे मुख्य अब्राहाम तात्या यांनी मास्तरला पेटीची किल्ली देताना बजावलं होतं, की रडतंय तेवढं थांबव, बाकी कशाला हात लावू नकोस. मास्तर ते थांबवायला गेला आणि त्याला दिसलं, की आत वर्षानुवर्षांची धूळ आहे. धूळ काढताना दिसलं, की कातडं विरलंय. आणि कातडं बदलताना त्यानं सहज एकेक सूर फुंकून बघितला.

‘लई खोटे झालेत गं,’ तो म्हणाला. ‘एक बी जाग्यावर न्हाई.’

पुढचे दिवस मास्तर त्यातच बुडाला, दया बघत राहिली. सूर जुळवण्याचं काम तिनं कधी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. जिभेच्या टोकाशी धारदार पातं घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासायचं म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकंच. एकदा निघालेलं पितळ परत बसत नाही. दोन सूर एकत्र वाजवायचे आणि ऐकायचं. जुळत नसले तर आवाजात लाटा उठतात. पाण्यात खडा टाकल्यासारख्या त्या लाटा सावकाश होत होत शांत झाल्या, की जुळले. पण एक जुळवावा तर शेजारचा रुसे. सकाळी जुळवलेला दुपारच्या उन्हात ढळे. मास्तर शाळेतून यायचा तो चपला काढायच्या आधी पेटीशी जायचा. भाकरी ताटात वाळून जायची. नगरहून कुणा शिक्षकाकडून त्यानं एक लोखंडी चिमटा आणला होता, ठोकला की एकच एक सूर देणारा, आणि घरात त्या चिमट्याचा शब्द म्हणजे शास्त्रवचन झालं होतं.

मधल्या सप्तकातला गंधार, सारेगमधला ग, त्याला सगळ्यांत वाईट सापडला. तो बराच उतरलेला होता. जीभ उजेडात धरून त्यानं दयाला दाखवली. मुळाशी खरवडल्याच्या जुन्या खुणा होत्या, वेड्यावाकड्या, सुरीच्या टोकानं काढल्यासारख्या.

‘कुन्या अडान्यानं हात घातलाय हिला,’ मास्तर म्हणाला, आणि जिभेखाली जुन्या पोस्टकार्डाची पट्टी सरकवून तिचं टोक घासायला लागला. तो चढवून खऱ्या जागी आणायला त्याला बाकी सगळ्या सुरांपेक्षा जास्त वेळ लागला. तो जुळला तेव्हा मास्तर कितीतरी वेळ नुसता ती एकच पट्टी दाबून बसला होता. दयाला तो आवाज गोड वाटला, पण परका वाटला. का ते तिला सांगता आलं नसतं.

नाताळच्या आधीच्या रविवारी पेटी गाडीतून देवळात परत गेली. अब्राहाम तात्यांनी भाता मारून बघितला. रडणं थांबलं होतं. मास्तरनं ठराव मोडून पेटी घरी नेल्याचा राग त्यांनी बहुतेक गिळला. पाळक, म्हणजे धर्मगुरू, पाथर्डीहून महिन्यातून एकदा येत, म्हणून त्या दिवशी भक्ती तात्याच चालवत होते. खडीच्या कामावर आठवडाभर दगड फोडून हात सोललेली माणसं आली होती, स्वच्छ कपडे घालून. नाताळचं गाणं आज एकदा म्हणून बघायचं होतं.

ते गाणं बोरखेडीचंच. छापलेल्या गायनपुस्तकात ते नव्हतं. शमुवेल उपदेशकांनी रचलेलं, बायकांच्या जात्यावरच्या चालीत:

गव्हाणीत निजला बाई, आभाळाचा धनी,
दळन दळते माय त्याची, डोळ्यांत गं पानी.

दुसऱ्या कुठल्या गावात मरिया दळायला बसते का, कोण जाणे. बोरखेडीत ती बसायची, आणि त्या ‘माय’ शब्दावर आवाज असा खाली वाकायचा की जात्याचा खुंटा ओढून पाठ दुखतेय हे न सांगता कळावं. त्या गावात ख्रिस्ती माणूस जन्मला ते गाणं ऐकत आणि मेला ते ऐकत. दयाच्या मुलाला मातीत ठेवतानाही बायकांनी दुसरं काही म्हटलं नव्हतं.

मास्तरनं सूर धरला. पहिली ओळ बरी गेली. पेटी कधी नव्हे इतकी स्वच्छ वाजत होती. दुसऱ्या ओळीत ‘माय’ आली, आणि दयाला वाटलं, आपल्या पायाखालची पायरीच कुणी हलवली. आवाज नेहमीच्या जागी उतरला तर तिथे पेटी नव्हती. पेटी वर होती. तिनं आवाज वर ढकलला, तो ताणला, फाटला. पेटीजवळच्यांनी वर जायचा प्रयत्न केला, मागचे आपल्या जागी राहिले. एका गाण्याची दोन गाणी झाली आणि एकमेकांना ढुशा देऊ लागली. कुणीतरी हसलं. मास्तरनं ओळ परत घेतली. परत तेच झालं. तिसऱ्यांदा पहिल्या रांगेतल्या साळूबाई, शमुवेल उपदेशकांची विधवा, गाताना थांबल्या. त्या थांबल्यावर बायकांची रांग थांबली, मग पुरुष. शेवटची ओळ पेटीनं एकटीनंच म्हटली.

इथे मास्तरनं गप्प बसायचं होतं. ‘बघतो काय झालं ते’ एवढं म्हणाला असता तरी निभावलं असतं. पण आठवडाभर ज्या गंधारावर जीव ओवाळला त्याचा असा पाणउतारा झालेला त्याला सहन झाला नाही. तो वळला आणि शाळेत बोलायचा तसं पुस्तकी बोलला.

‘पेटी आता बरोबर आहे. चुकत आपण होतो. इतकी वर्षं आपण सगळे बेसूर गात आलो.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ‘बेसूर’ हा शब्द देवळात पडला आणि कुणी तो उचलेना. दयाचे कान तापले. त्या शब्दात ती होती, मुलाला मातीत ठेवताना तिनं म्हटलेलं गाणं होतं, आणि आपल्या नवऱ्याला ते कळलेलंही नाही, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. साळूबाई उठल्या, पदर सावरला आणि कुणाला सलाम न करता देवळाबाहेर गेल्या.

तात्यांनी भक्ती कशीबशी आटोपली. मग मास्तरला थांबवून घेतलं. आवाज चढवला नाही.

‘नाताळच्या आत पेटी हुती तशी कर. न्हाई झाली तर किल्ली मंडळीला दे, आन् परत पेटीवर बसू नगं.’

घरी येईपर्यंत मास्तर तणतणत होता. खरं ते खरं, लोकांना खोट्याची सवय झाली तर त्यात पेटीचा काय दोष, आणि असंच बरंच. दया त्याला टाळून कामाला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. भाकरी वाढायची, पाण्याला जायची. तिसऱ्या दिवशी मास्तर आपण होऊन गंधाराची जीभ पेटीतून काढून घरी घेऊन आला आणि पात्यासमोर बसून राहिला. शाळेला नाताळची सुट्टी लागली होती.

आता खरी पंचाईत झाली. सूर पहिल्यासारखा उतरवायचा, पण किती? चिमट्याला विचारून उपयोग नव्हता. चिमट्याला खरं तेवढंच ठाऊक. खऱ्याला एक जागा असते, तिथे लाटा थांबतात. चुकीला सगळं रान मोकळं. त्यानं थोडं मुळाशी घासलं, देवळात जाऊन पेटीत बसवून वाजवलं, मनाशी गाणं म्हटलं. तेही नव्हतं. आणखी थोडं घासलं. तेही नव्हतं. आणि दर खेपेला जीभ उजेडात धरली की आधीपेक्षा पातळ दिसे. मूळ त्या अडाण्यानं खरवडलेलं, टोक यानं घासलेलं. आता परत मुळाशी. जीभ मोडली तर तशी दुसरी मिळायची नव्हती. साहेबाच्या देशातली ती पेटी. पुण्याच्या दुकानातले सूर तिच्या खाचांत बसत नसत, हे त्यानं मागेच करून बघितलं होतं.

‘तू म्हन,’ शेवटी तो दयाला म्हणाला. ‘तू म्हन, मी जुळवतो.’

दयानं म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला ते येईना. ‘माय’वर आली की आवाज लटपटायचा. पेटीचा नवा सूर कानात शिरला होता, आणि जुना कुठे होता ते सापडेना. आपल्याच घराची वाट चुकावी तसं तिला झालं, आणि तिला इतका राग आला की ती चुलीकडे तोंड करून रडली. नाताळ परवावर आला होता. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि साळूबाईंकडे गेली.

साळूबाई गाठोडी बांधत होत्या. पुण्याचा लेक नाताळसाठी यायचा होता आणि परत जाताना आईला घेऊन जायचा होता. दयानं सगळं सांगितलं. मावशी, तुम्ही एकदा देवळात येऊन म्हणा, त्यांना जुळवता येईल, नाहीतर पेटी जाईल. आणि पेटी गेली तर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करून बसेल. ते ती कुणाला कधी बोलली नव्हती. बोलून गेली.

साळूबाईंनी गाठ घट्ट ओढली. ‘मी येनार न्हाई. त्याला हितं यायला सांग.’

मास्तर गेला. दया त्याच्या मागे दाराशी उभी राहिली. तो सलाम म्हणाला आणि चपला काढून उभा राहिला. साळूबाईंनी त्याला बसायला सांगितलं नाही.

‘ती पेटी आली तवा तिला समदं म्हनता येत हुतं,’ त्या म्हणाल्या. ‘साहेबाची गानी, इंग्रजी गानी. आमची माय तेवडी म्हनता येत न्हवती. मंग ह्यांनी मला पेटीपाशी बसवलं. मी म्हनायची, ते सुरीनं खरवडायचे. मी म्हनायची, ते खरवडायचे. माझा घसा बसला, पर त्यांनी तिला माय म्हनायला शिकवलं. ते तू पुसलंस, मास्तर. वर त्यास्नी बेसूर म्हनालास.’

दयाला नवऱ्याचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू वाकली. कुण्या अडाण्याच्या त्या खुणा आठवून आता त्याला काय वाटत असेल, ते तिला कळत होतं. पण तिला त्याची कीव आली नाही. अजून थोडं वाटू दे, असंच वाटलं.

‘चुकलं माझं,’ मास्तर म्हणाला. ‘पर मला ते आता एकट्याला जमायचं न्हाई.’

साळूबाईंनी गाठोडं बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, की उद्या दुपारी येईन, आणि जास्त वेळ गळा चालायचा नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी देवळात पताका लावायचं काम चाललं होतं. साळूबाई आल्या तशी तात्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः दाराशी बसले. साळूबाई पेटीजवळ जमिनीवर बसल्या, एक पाय पसरून, जात्यावर बसतात तशा. दया शेजारी बसली. मास्तरनं जीभ काढून हातात घेतली.

साळूबाई म्हणाल्या. आवाज पिकलेला, चिरका. पण ‘माय’वर आला आणि खाली वाकला, तशी दया पुढे सरकून बसली. हेच ते. मास्तरनं मुळाशी पातं फिरवलं, जीभ बसवली, भाता मारला. साळूबाईंनी मान हलवली. अजून वरच. परत काढली, परत फिरवलं, परत बसवली. परत त्या म्हणाल्या. मास्तरचे हात स्थिर होते. घाम मात्र कानामागून गळ्यावर उतरत होता. साळूबाईंचा घसा बसत चालला होता. दयानं त्यांना पाणी दिलं. तात्या दारातून बोलले, की जमत नसलं तर राहू द्या. मास्तरनं परत जीभ काढली.

सूर जवळ आला. आता दयालाही ऐकू येत होतं, की साळूबाईंच्या आवाजात आणि पेटीच्या आवाजात एक बारीकशी फट उरली आहे, आणि त्या फटीत लाटा सावकाश उठतायत. साळूबाईंनी डोळे मिटले. ‘एवडंस,’ त्या म्हणाल्या आणि बोटाच्या पेरावर अंगठा टेकवून दाखवलं. ‘एवडंसंच ऱ्हायलं.’

मास्तरनं जीभ उजेडात धरली. मुळापाशी पितळातून उजेड दिसेल की काय इतकी ती पातळ झाली होती. थांबावं, असं दयाला ओरडून सांगावंसं वाटलं. एवढी फट कुणाला कळणार होती? पण थांबणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या घडीला ते दयालाही नको होतं. मास्तरनं पातं टेकवलं, अलगद ओढलं, जीभ बसवली आणि भाता मारला.

पेटीनं माय म्हटलं. जसंच्या तसं, खाली वाकून म्हटलं. साळूबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि तो सूर तसाच लांबत असताना आतून कट्‌ असा आवाज झाला आणि पेटी गप्प झाली.

मास्तर पट्टी दाबून बसून राहिला. पाय भाता मारतच होता. नुसता वारा येत होता. जीभ मुळातून तुटली होती.

मग साळूबाईंनी पदरानं डोळे पुसले, दयाच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि हळूहळू घरी गेल्या. मास्तरनं किल्ली काढून तात्यांपुढे धरली. तात्यांनी ती बघितली, घेतली नाही. उद्या नाताळ आहे, ते म्हणाले, दुसरं कुणी वाजवणारं नाही, तेव्हा उद्या वाजव आणि मग दे.

नाताळच्या सकाळी देऊळ भरून माणसं बाहेर ओट्यावर बसली होती. दया पहिल्या रांगेत साळूबाईंजवळ बसली होती, नेहमीच्या जागेपेक्षा पुढे, पेटीपासून हातभर अंतरावर. मास्तरनं इतर गाणी त्या एका पट्टीला चुकवत, कुठे दुसऱ्या सुराचा टेकू देत, कशीतरी पार पाडली. मग त्या गाण्याची वेळ आली. त्याच्या मानेवरची शीर उडताना दयाला दिसत होती. इथे दुसरा सूर चालणार नव्हता, आणि आहे तो मेला होता.

गव्हाणीत निजला बाई, आभाळाचा धनी. पेटी बरोबर होती, मंडळी बरोबर होती. दळन दळते. मास्तरचं बोट सवयीनं त्या पट्टीवर गेलं, आणि पेटी थांबली. वाऱ्याचा फुसकारा आला. ‘माय’ सगळ्यांना एकट्यानं म्हणावी लागली.

आणि ती म्हटली गेली. दोनशे माणसांच्या गळ्यांत ती कुठे ठेवलेली होती कोण जाणे, पण ती आपल्या जागी आली, खाली वाकली आणि मग पुढच्या शब्दावर पेटी परत येऊन मिळाली. पुढच्या कडव्यात परत तसंच. तिसऱ्या कडव्याला मास्तरनं ती पट्टी दाबलीच नाही. बोट उचलून धरलं, मान वळवली आणि दयाकडे बघितलं. ती गात होती. शोधायला न जाता तिला सूर सापडला होता. तो गाणं संपेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिला. पुढचे सूर हातांनी आपोआप वाजवले.

भक्ती झाल्यावर मास्तर किल्ली घेऊन तात्यांसमोर गेला. तात्यांनी ती त्याच्याच मुठीत दाबली. ‘ठेव तुझ्याकडंच,’ ते म्हणाले, ‘पर त्या जाग्यावर दुसरा सूर घालायचा न्हाई. तिथं मंडळी म्हनंल.’ मग ते साळूबाईंना आणि त्यांच्या लेकाला निरोप द्यायला वळले.

घरी जाताना मास्तर नेहमीसारखा पुढे चालला नाही. दयाच्या बरोबरीनं चालला. वाटेत ओढा लागतो तिथे तो थांबला.

‘आपल्या पोराच्या टायमाला,’ तो म्हणाला, आणि मुलाचा विषय त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काढला, ‘तवा बी तू असंच म्हनलं हुतंस?’

‘व्हय.’

‘मी तिथंच हुतो की गं. मला कसं न्हाई ऐकू आलं?’

दयानं ओढ्याच्या कोरड्या वाळूकडे बघितलं. रागाचं काही उरलं असेल म्हणून तिनं आत चाचपून पाहिलं; उरलं नव्हतं.

‘तुमी माझ्याकडं बघत न्हवता,’ ती म्हणाली. ‘आज बघितलं.’